पांढऱ्या घडीचं व्रत

मी एक छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरायची नव्हे. विमानातून उडी टाकणाऱ्यांच्या पाठीवर असते ना, ती. आणि त्यातलीही राखीव. पहिली छत्री दगा देईल त्या दिवसासाठी ठेवलेली.

नऊ वर्षांपूर्वी मी एक व्रत घेतलं होतं. घेतलं म्हणजे, मला ते दिलं गेलं. यॉर्कशायरमधल्या आमच्या छोट्या विमानतळावर एक लांबलचक लाकडी टेबल आहे. तिथे हेस्टर ओल्ड्रॉइड नावाची बाई राखीव छत्र्यांच्या घड्या घालते. साठी उलटलेली, चॅपलमध्ये प्रार्थनेला न चुकता जाणारी, दारूला कधी शिवणार नाही असं सोळाव्या वर्षी लिहून दिलेली आणि ते पाळलेली. तिने मला पहिल्यांदा त्या टेबलावर पसरलं, माझ्या प्रत्येक शिवणीवरून तळहात फिरवला आणि एकेक दोरी मोकळी करून पाहिली. मग पट्टीसारख्या सरळ घड्या घालून मला पिशवीत निजवलं. तोंड बंद करणाऱ्या पिनेला लाल दोरा बांधला आणि दोऱ्यावर शिशाचा थेंबाएवढा शिक्का दाबला.

मग आपली हत्यारं मोजली. चिमटा, दाभण, ओढदोरी, पाना. ती रोज मोठ्याने मोजते. एखादं आत राहून गेलं तर कुणाचा तरी जीव जाईल म्हणून. चारही भरली तेव्हा माझ्यावर हात ठेवून म्हणाली,

"हाक येईपर्यंत गप्प राहा, बाई. आणि हाक आली की थांबू नकोस. माझी अब्रू तुझ्या हातात."

हेच माझं व्रत. त्याचे दोन भाग आहेत, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी पहिलाच भाग धरून बसले. गप्प राहणं. मला वाटलं, गप्प राहिलं की सगळं पुण्य पदरात पडलं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. मी पांढरीशुभ्र. माझ्याच पिशवीच्या खालच्या खणात थोरली राहते. लाल-पिवळ्या पट्ट्यांची, दिवसातून सहा सहा वेळा उघडणारी. फोटो तिचेच निघतात. खाली उतरून रडणारी माणसं तिच्याच कापडावर लोळतात. आम्ही दोघी जावाच म्हणा ना! पण मी कधी तिचा हेवा केला नाही. तिचा रोजचा सण, माझा रोजचा उपास, एवढंच.

आम्ही दोघी डंकनच्या पाठीवर असतो. डंकन म्हणजे नवख्या माणसांना पोटाशी बांधून उडी मारणारा शिक्षक. स्कॉटलंडचा, रुंद खांद्यांचा, थट्टेखोर. त्याच्या छातीवर दोन मुठी असतात. उजवीकडची लाल मूठ ओढली की बिघडलेली थोरली सुटून जाते. डावीकडची चंदेरी मूठ म्हणजे मला हाक.

आमच्याकडे रीत आहे, जो राखीव छत्रीवर उतरला त्याने तिची घडी घालणाऱ्याला दारूची एक बाटली आणून द्यायची. हेस्टरच्या टेबलावर त्यासाठी एक फळी कुणीतरी ठोकून ठेवली होती. ती कायम रिकामी.

"हेस्टर, तुझी फळी अगदीच कोरडी गं," डंकन चिडवायचा.

"कोरडीच राहू दे रे देवा," ती दोरा दातांनी तोडत म्हणायची. "आणि तुझ्या तोंडाला कुणीतरी शिक्का मारा."

शनिवारी येणारी बरीचशी माणसं कुणासाठी तरी उडी मारायला आलेली असत. कुणी कर्करोगाच्या इस्पितळासाठी, कुणी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या बोटीसाठी. उडी पुरी झाली की मगच ओळखीपाळखीचे लोक कबूल केलेली वर्गणी देतात. म्हणून ती हसत हसत कागदांवर सह्या करत आणि पांढरीफटक पडत. आणि एक गोष्ट सगळ्यांची सारखी. कसं वाटतंय विचारलं की उत्तर एकच, "मी ठीक आहे." ओठ थरथरत असले तरी मी ठीक आहे. उगाच कुणाला त्रास नको.

त्या वसंतात बेरिल सटक्लिफ आली. बहात्तर वर्षांची, बुटकी, करड्या केसांची. सोबत थोरली बहीण मेविस, हातात केकचा डबा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"स्टुलावर चढून पडदा काढायचा तर हिला मी खाली धरायला लागते," मेविस डंकनला सांगत होती, "आणि ही आता विमानातून पडणार. केक खा, राजा. तुला ताकद लागेल."

बेरिल हसली. मग हळू आवाजात तिने आपलं सांगितलं. तिचा नवरा नॉर्मन शेवटच्या आजारात गावच्या शुश्रूषागृहात होता. तिथल्या बाया फार मायेच्या. पण खाटा अरुंद. बेरिल तेवीस रात्री लाकडी खुर्चीत बसून त्याचा हात धरून होती. शेवटच्या आठवड्यात नॉर्मन रोज म्हणायचा, "बेरिल, ये ना इथे जवळ. नीज ना." खाटेवर जागाच नव्हती. एकोणपन्नास वर्षं एका अंथरुणात काढलेली माणसं, आणि शेवटी दोघांमध्ये लोखंडी कठडा.

"तो गेला त्या सकाळी मी त्या खुर्चीला हात लावून शपथ घेतली," बेरिल म्हणाली. "या खोलीत रुंद खाट येईल. दोघं मावतील अशी. यापुढे कुणाची बायको खुर्चीत बसणार नाही."

हेस्टरने टेबलावरून मान वर केली. घेतला वसा म्हणजे काय ते तिला कळतं. त्या दिवशी माझी पिशवी तिने दोनदा तपासली.

बेरिलला उडी मारायला हरकत नाही, अशी डॉक्टरांची सही एप्रिलमध्येच झाली होती. मे महिन्यात ढग उतरले. सगळे विमानांच्या हँगरमध्ये चहा पीत बसले आणि घरी गेले. जुलैमध्ये वारा सुटला. ऑगस्टमध्ये पुन्हा ढग. दर वेळी मेविस केक करून आणायची, दर वेळी बेरिल "मी ठीक आहे" म्हणत परतायची. पण मी पाहत होते. मेमध्ये ती भराभर चालत आली होती. जुलैमध्ये बाकाला धरून उठली. ऑगस्टमध्ये तिने दरवाजाची चौकट धरून आधी डावा पाय आत टाकला आणि उजवा मागून ओढून घेतला.

त्या खुर्चीतल्या तेवीस रात्री तिच्या उजव्या कमरेत बसल्या होत्या. सहीनंतर शस्त्रक्रियेच्या यादीतही तिचं नाव लागलं होतं. हे मेविसला माहीत होतं. डंकनला कुणीच सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या एका शनिवारी आभाळ स्वच्छ निघालं.

मी खुंटीवर होते, बेरिलच्या पाठीमागे. डंकन तिच्यासमोर गुडघ्यावर बसून पट्टे आवळत होता.

"मिसेस सटक्लिफ, उतरताना मी 'पाय वर' म्हणेन. म्हटलं की दोन्ही पाय समोर उचलायचे, बाकावर बसल्यासारखे. पाय खाली राहिले तर मोडतील. आता करून दाखवा बघू."

तेवढ्यात बाहेरून त्याला कुणीतरी हाक मारली, त्याने मान वळवली. बेरिलने डावा पाय उचलला. उजव्या हाताने निळ्या पोशाखाची उजवी मांडी मुठीत धरली आणि तो पायही हाताने वर ओढला. डंकन वळला तेव्हा दोन्ही पाय समोर होते आणि मूठ कपड्याच्या चुणीत लपलेली.

"झकास! कमरेला, गुडघ्याला काही त्रास?"

"मी ठीक आहे, राजा."

मेविसने तोंड उघडलं. बेरिलने तिच्याकडे असं पाहिलं की ती केकच्या डब्याचं झाकण लावू लागली. ते आधीच लागलेलं होतं.

मी ओरडले असते तर! पण घडी घातलेल्या कापडाला कुठला आवाज? नऊ वर्षं ज्या मौनाला मी पुण्य समजत होते, त्याची मला त्या घटकेला पहिल्यांदा लाज वाटली.

"दात माझ्याकडे दे," निघताना मेविस म्हणाली. "वर वाऱ्याने उडाले आणि कुणाच्या बिटाच्या शेतात सापडले, तर मी काय सांगू?"

बेरिलने कवळी काढून रुमालात गुंडाळून दिली. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग विमानाचा पंखा फिरू लागला.

तेरा हजार फूट चढायला वीस मिनिटं लागतात. डंकनने तिला पोटाशी चार जागी अडकवून घेतलं. माझ्या अंगाखाली त्याची पाठ शांत चालली होती, आणि तिच्यातून पलीकडचा एक धडधडता जीव मला जाणवत होता. दार उघडलं. थंडगार वारा आत घुसला.

"डोकं मागे माझ्या खांद्यावर! पाय मागे दुमडायचे, विमानाच्या पोटाखाली! केळ्यासारख्या वाका!"

डावा पाय दुमडला. उजवा सरळ लोंबत राहिला.

आणि आम्ही सुटलो.

छोटी लगामाची छत्री मागे उडाली, तिने आमचा वेग आवरला. पण तो एक पाय वाऱ्यात वल्ह्यासारखा पसरला होता, आणि त्याच्या जोराने आम्ही हळूहळू फिरू लागलो. डंकनने हाताने सावरलं. पुन्हा फिरलो. पुन्हा सावरलं. पन्नास सेकंद तो त्या एका पायाशी झुंजत होता आणि कारण त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं.

साडेपाच हजार फुटांवर त्याने थोरलीला बोलावलं. ती बिचारी नेहमीसारखीच आनंदाने निघाली. पण नेमकं त्याच क्षणी आम्ही गरकन फिरलो. वरच्या दोऱ्यांना पीळ पडला. एक, दोन, तीन, चार. थोरलीचा एक कोपरा मुडपला आणि ती एका बाजूला झेपावली. आम्ही गोफणीतल्या दगडासारखे तिच्याभोवती फिरू लागलो.

डंकनने पाय झाडले. पीळ सुटेना. पुन्हा झाडले. जमीन वर येत होती, शेतं, कुंपणं, एक रस्ता, पुन्हा तीच शेतं.

"हात छातीशी! घट्ट!" डंकन ओरडला.

त्याने लाल मूठ ओढली. माझी जाऊ, नऊ वर्षांची शेजारीण, एका झटक्यात सुटून गेली. मी तिला वर जाताना ऐकलं. मग काहीच नाही. आधार नाही, कापड नाही, फक्त पडणं. त्या एका श्वासाएवढ्या वेळात दोन जीव आणि एक रुंद खाट माझ्या घडीत येऊन बसली.

चंदेरी मूठ निघाली.

लाल दोरा तुटला. मी नऊ वर्षांत पहिल्यांदा आभाळाचा उजेड पाहिला.

मला काही विचार करावा लागला नाही, खरं सांगते. हेस्टरच्या हातांनी घातलेली एकेक घडी आपल्या पाळीने सुटत गेली. दोऱ्या ताणल्या, वारा पोटात शिरला आणि मी चौकोनी, पांढरी, भरलेली, डोक्यावर उभी राहिले. एवढा मोठा आवाज झाला. आणि मग एकदम शांत.

"मिसेस सटक्लिफ? बेरिल? बोला काहीतरी."

"मी ठीक..." ती म्हणाली, आणि थांबली.

मी वर होते आणि वाट पाहत होते.

"नाही रे राजा," ती बिनदाताच्या तोंडाने म्हणाली. "मी ठीक नाहीये. माझा उजवा पाय उचलत नाही. खाली मी तुला हाताने उचलून दाखवला होता. उगाच कुणाला त्रास नको म्हणून... आणि ती खाट... माझ्यामुळेच झालं का रे हे?"

विमानतळ लांब राहिला होता, खाली कापणी झालेलं बार्लीचं शेत वर येत होतं. मी पाहिलंय, माणूस खरा चिडतो तेव्हा त्याची पाठ कडक होते. डंकनचीही झाली. आणि मग सैल पडली.

"त्रास खाली उतरल्यावर देऊ एकमेकांना," तो म्हणाला. "आता ऐका. डावं पाऊल उजव्या घोट्याखाली घाला. घातलं? आता डाव्याने उजव्याला उचला. सगळं वजन डाव्यावर. आणि हातांनी दोन्ही गुडघ्यांचं कापड ओढा. लपवून नाही, चांगलं दिसेल असं ओढा."

तिने एकदा करून पाहिलं, अर्धवट झालं. दुसऱ्यांदा ती वेदनेने कण्हली, पण पाय वर आले.

"नॉर्मनला शेवटी असंच उचलायचे मी," ती पुटपुटली. "एक हात खाली घालून."

"तसंच उचला मग. आता खाली, मी म्हटलं की पुन्हा."

शंभर फूट. पन्नास. मी त्याच्या दोन्ही हातांच्या ओढीबरोबर वाकले आणि सगळा वारा अंगात धरून ठेवला. "पाय वर!" पाय वर आले. डावा उजव्याला घेऊन आला. डंकनने आपलं बूड आणि टाचा खुंटांवर टेकल्या, तो घसरत गेला आणि ती त्याच्या मांडीवर, दोन्ही पाय हवेत, तशीच घसरत गेली. मी त्यांच्यावरून पुढे जाऊन पडले. काही मोडलं नाही.

आम्हाला शोधत आलेल्या गाडीतून उतरून मेविस शेतातून धावत आली. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू होतं तिचं. आधी तिने रुमालातली कवळी बहिणीच्या हातात दिली, मग एक टपली मारली, मग गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

"मूर्ख बाई! मी सांगणार होते त्याला. मी सांगायला हवं होतं!"

"आणि मी नुसतं विचारलं, पाहिलं नाही," डंकन खुंटांवर बसून म्हणाला. "चूक वाटून घेऊ आपण तिघं."

थोरली संध्याकाळी एका कुंपणाच्या झाडात अडकलेली सापडली, काटे टोचलेली पण धड. त्या दिवसानंतर डंकन नुसतं विचारत नाही. प्रत्येकाला हात न टेकता बाकावरून उठायला लावतो आणि तोपर्यंत त्याच्यावरची नजर हलवत नाही.

मला हेस्टरच्या टेबलावर आणलं. तिने दिवा वर घेतला आणि माझी एकेक शिवण पाहिली. बार्लीची एक काडी काढली. मग खुर्चीत बसली आणि माझं पांढरं कापड डोळ्यांना लावलं. रडली की प्रार्थना केली, मला सांगता येणार नाही. तिच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नसतो.

दोन आठवड्यांनी बेरिल काठी टेकत आली. हातात बाटली.

"रीत आहे म्हणे," ती म्हणाली. "पण तुम्ही घेत नाही हे डंकनने सांगितलं. हे आमच्या परसातल्या रूबार्बचं सरबत आहे. चॅपलवाल्यांना चालेल असं."

फळीवरची पहिली बाटली ती. गुलाबी रंगाची. हेस्टरने ती अजून उघडलेली नाही.

वर्गणी सगळी आली, आणि वसंतात खाट आली. पुढच्या वेळी माझी घडी घालताना हेस्टरने मला ती हकीकत सांगितली. तिला आमंत्रण होतं. रुंद खाट, बागेकडच्या खिडकीला लागून, कठडा नसलेली. भाषण झालं, केक कापला. सगळे चहाला गेले तेव्हा बेरिलने बूट काढले आणि डाव्या अर्ध्या भागावर सावकाश आडवी झाली. उजव्या अर्ध्यावर हात ठेवला. परिचारिकेने हळूच दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिली.

"किती वेळ गं?" मी विचारलं असतं, तर हेस्टरने सांगितलं असतं. तिने आपणहूनच सांगितलं. "चहा गार होईपर्यंत."

आता बेरिलची शस्त्रक्रिया झाली आहे. यादीत नंबर कधी लागेल म्हणून ती गप्प बसून राहिली नाही. डॉक्टरांकडे जाऊन तिने किती दुखतं ते स्वच्छ सांगितलं. मेविस सोबत होती, तेव्हा आवाजाची कमतरता नव्हतीच.

मी पुन्हा माझ्या जागी आहे. नवा लाल दोरा, नवा शिक्का. चिमटा, दाभण, ओढदोरी, पाना, चारही भरली. माझ्यासोबतच्या छोट्या कागदावर पूर्वी नुसत्या घडीच्या तारखा असत. आता त्यात एका ओळीत लिहिलंय, "उघडली." खालच्या खणात थोरली आहे, तिचा रोजचा सण चालू आहे. माझा पुन्हा उपास. पण तो आता पूर्वीसारखा कोरडा वाटत नाही.

तुम्ही इतकं ऐकून घेतलंत, तर एक मागणं मागते. तुम्हीही असं एक व्रत घ्या. सोपं आहे, त्याला फुलं-उदबत्ती लागत नाही. कुणाच्या तरी पाठीशी न बोलता राहा आणि त्याची हाक आली की थांबू नका. आणि कुणी तुम्हाला विचारलं, कुठे दुखतंय का, तर तुमचा लाल दोरा तुम्हीच तोडा. हाताने उचलून दाखवू नका. सांगून टाका.